शनिवारचा बायबल स्टडी – सगळ्यांनी या

जय ख्रिस्त मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी 6:30 ला चर्चच्या हॉलमध्ये बायबल स्टडी आहे, विषय मंडळीचं (म्हणजे चर्चचं) आत्मिक आरोग्य.

– बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाचे अध्याय 2 आणि 3 घरून वाचून या. त्यात इफिस शहराची मंडळी कष्टाळू, खोटे प्रेषित ओळखणारी, तरी पहिली प्रीती सोडली म्हणून प्रभू तिला बोल लावतो, आणि स्मुर्णा शहराची मंडळी गरीब असून तिला धनवान म्हणतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण हजेरी आणि दानपेटीच बघत बसतो.

– पहिली मंडळी कशी होती त्यासाठी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 2:42 पण बघा.

– बायबल आणा, मोबाईल सायलेंट.

– कॅम्पात पार्किंग मिळत नाही, पीएमपीच्या बसने या.

तरुण संघाने खुर्च्या लावायला 6 ला यायचंय. आजारी असलेल्यांची नावं प्रार्थनेसाठी इथेच टाका.