गाडीचं इंजिन सांगता, मग गाडीत चढायचं कसं तेही सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमचं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो. पिकअपबद्दल लिहिताना इंजिन किती सीसीचं, टचस्क्रीन केवढी, सगळं असतं, पण त्या गाडीत माणूस चढणार कसा हे माझ्या तरी वाचनात कधी आलं नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण पायरीचा भाग ठेवा.

आमचा भांडुपला मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतली, मागे बांबू नि कनाती, पुढे घरची माणसं. २०१६ ला इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ ला टोयोटाची हायलक्स, तेव्हापासून असल्या उंच गाड्या मुंबईत दिसायला लागल्यात आणि आमच्यासारख्यांना त्यांचा मोह पडतो. टेप लावली तर दाराचा उंबरठा जमिनीपासून जवळपास दोन फूट. मला काही वाटलं नाही, पण आई ७४ ची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंगावर साडी. पहिल्या दिवशी तिने आतलं हँडल धरलं, पाय उचलला, तो पुरेना, परत खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आपली रिक्षाने येते."

दुसऱ्याच दिवशी एका दुकानात जाऊन साईड स्टेप, म्हणजे दाराखालची पायरी, बसवून आलो. तीन इंची चकचकीत स्टीलचा पाईप, दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, बघा चिकटत नाही, ओरिजिनल ३०४ नंबरचं भारी स्टेनलेस स्टील आहे. मी खूश. नंतर ओळखीच्या फॅब्रिकेटरने सांगितलं की २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यात निकेल कमी असतं आणि आपल्या खाऱ्या हवेत ते लवकर डाग धरतं. तसंच झालं, पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबडं. त्यात गोल पाईपवर ओली चप्पल ठरत नाही, आमचा पोरगा सटकला तेव्हा नडगी सोलवटून घेतली. आणि पायरी होती कुठे, तर उंबरठ्याच्या जेमतेम तीन इंच खाली! ज्याचा पाय तिथे पोचतो त्याला पायरी लागतेच कशाला? तो नुसता दागिना.

पण खरा राग वेगळाच आहे. ती पायरी काढली तेव्हा कळलं की दुकानातल्या पोराने उंबरठ्याच्या खालच्या पत्र्याला सरळ ड्रिल मारलं होतं, दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं, ना प्रायमर ना रंग. आत बोट घातलं तर ओल्या मातीसोबत गंजाचे पापुद्रे हाताला आले. बऱ्याच पिकअपना खाली कंपनीचीच भोकं असतात, काहींवर रबरी बूच असतं, ब्रॅकेट त्याच भोकांत बसायला पाहिजे. चासीच्या कडेने ब्रेकचे पाईप आणि वायरिंग गेलेलं असतं, आंधळेपणाने ड्रिल मारलं आणि त्यात घुसलं तर केवढ्याला पडेल? दुकानदाराला विचारलं तर म्हणे सगळे असंच बसवतात.

दुसऱ्या वेळी मी आधी आईचं माप घेतलं. हसू नका. दाराशी विटा रचल्या, एकावर एक, आणि तिला पाय ठेवून बघायला लावला. पाच विटांपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा इंच, हँडल धरून ती चढली, सहाव्या विटेला थांबली. झालं, पायरी पंधरावर. त्याहून खाली घेतली असती तर स्पीडब्रेकरला आणि उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला घासली असती. मग सहा इंच रुंद, सपाट, वर खडबडीत रबर असलेली ॲल्युमिनियमची घेतली, एका बाजूला तीन ब्रॅकेट. दोन ब्रॅकेटवाली स्वस्त पडते पण कडेवर वजन आलं की पिळते. पायरी आणि गाडी यांच्यात फट किती राहते ते पण बघा, साडीचा काठ तिथेच अडकतो, पुरुष दुकानदाराच्या हे डोक्यातही येत नाही. आणि रुंद पाहिजे म्हणून बाहेर फार काढू नका, आपल्याकडे बाईकवाले कुठून घुसतात माहितीये ना, त्यांच्या नडग्या फुटतील.

बसवताना मी शेजारी उभा राहिलो. सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावायचे, पायरी रेषेत आणायची, मगच पाना फिरवायचा, नाहीतर शेवटचं भोक जुळत नाही आणि मग हातोडा निघतो. पाचशे किलोमीटरनंतर परत आवळून घेतले तर दोन बोल्ट खरंच ढिले निघाले. ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट टेकतो तिथे खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते, म्हणून मधे प्लास्टिकचे वायसर टाकून घेतले. सर्व्हिस सेंटरवाल्याने लिफ्टवर घेताना थोडी कुरकुर केली, हात घालायला जागा कमी पडते म्हणे, तेवढं चालायचंच.

राहिला कायदा. पुढच्या बुलबारवर, म्हणजे बंपरवर लावतात त्या जाड दांड्यांवर, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून मी कंपनीच्याच ॲक्सेसरीच्या यादीतली पायरी घेतली, बिल गाडीत ठेवलंय.

आता आई चढते. डावा पाय पायरीवर, हात हँडलला, मग एक "आई गं" आणि आत. रिक्षाचं नाव नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा माणूस पिकअपच्या टेस्ट ड्राइव्हला जाईल तेव्हा त्याच्या खिशात एक टेप द्या, आणि मायलेजच्या शेजारी उंबरठ्याची उंची पण छापा.

आपला,
एक वाचक, भांडुप