मिनी लेथचं कार्ड बदलण्याआधी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तू लिहिलंस की लेथचा स्विच टाकताच चक (काम पकडणारा जबडा) पूर्ण वेगाने फिरतं, वेगाचा नॉब फिरवून फरक पडत नाही, आणि दुसऱ्या वेळी फ्यूज उडतो. यावरून कार्डावरचा मॉसफेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, आरपार शॉर्ट झालाय असंच वाटतं. पण नवं कार्ड (वेग नियंत्रित करणारं सर्किट) लगेच मागवू नकोस. सिगच्या सी-३ सारख्या या सात इंची लेथांवर कार्ड सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारणारा दोष मोटरमध्ये, हेडस्टॉकमध्ये (चक फिरवणाऱ्या डोक्यात) नाहीतर वापरण्याच्या सवयीत असतो. तो शोधला नाहीस तर नवं कार्डही त्याच वाटेने जाईल.

आधी जिवाचं बघ. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले (एसीचं डीसी झालं) की कार्डाच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतं. पाच मिनिटं थांब, मीटर लावून बघ, उरलं असेल तर १० किलो-ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने उतरव. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची पद्धत सोडून दे. शिवाय हे कार्ड मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं, त्यामुळे नॉबच्या पॉटचे (नॉबने बदलणाऱ्या रेझिस्टरचे) पायसुद्धा जिवंत असतात. साध्या ऑसिलोस्कोपची अर्थ-क्लिप त्याला लावलीस तर स्कोप आणि कार्ड दोन्ही जातील.

आता पट्टा काढ आणि चक हाताने फिरव. जड लागलं तर बेअरिंग जास्त आवळलंय (प्रीलोड जास्त आहे), नाहीतर आतल्या प्लॅस्टिक गिअरचा दात मोडून अडकलाय. हे विजेचं काम नाही, पण करंट इथूनच चढतो. पट्टा परत घालताना तारेसारखा ताणू नकोस. बोटाने दाबल्यावर थोडा दबायला हवा, नाहीतर मोटरचं बेअरिंग खाईल.

मग मोटर. ही परमनंट मॅग्नेटची डीसी मोटर, दोन बाजूंना दोन कार्बन. मागच्या कार्बनपर्यंत हात जात नाही, म्हणून मोटर उतरवावीच लागते. कार्बन काढताना कोणत्या बाजूचा आणि कोणत्या दिशेने होता याची खूण कर. त्याच्या तोंडाला कम्युटेटरची (कार्बन घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाची) गोलाई बसलेली असते, उलटा घातलास तर ठिणग्या पडतील. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उरला असेल, किंवा स्प्रिंग निळी पडून मऊ झाली असेल, तर जोडीने बदल. रिवाइंडिंगवाल्याकडे त्याच मापाचा नाही मिळाला तर थोडा मोठा घेऊन पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. नवे घातल्यावर अर्धा तास बिनभाराचं, मध्यम वेगाने चालव.

कम्युटेटर काळा असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच साफ कर. एमरी नको, तिचे कण खाचांत रुततात. खाचांतली कार्बनची पूड टोकदार काडीने काढ. शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रेझिस्टन्स सगळीकडे सारखाच यायला हवा. एखाद्या जोडीत बराच जास्त आला तर तार तुटलीय, शून्याच्या जवळ आला तर वेढे शॉर्ट आहेत. दोन्हींत आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वेढ्यांचा भाग) रिवाइंडिंगला. हाच शॉर्ट मॉसफेट खातो.

कार्डाच्या तारा सोडवून मोटरच्या दोन्ही तारा एकत्र धर आणि बॉडीशी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपास. एक मेगाओहमच्या खाली आलं तर हवेने पूड उडव, पुन्हा बघ. कार्ड जोडलेलं असताना मेगर मारायचा नाही. शेवटी मोटरला १२ व्होल्टची बॅटरी लाव: एक अँपिअरच्या आत करंट घेऊन संथ, एकसारखी फिरली, न अडखळता, तर मोटर ठीक.

मोटर ठीक निघाली तर सवयीकडे ये. चक फिरत असतानाच उलट दिशेचा स्विच टाकणं हे मॉसफेट मरण्याचं मोठं कारण. फिरती मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करत असते. दिशा पलटली की ते सप्लायच्या विरुद्ध न राहता त्यात मिळतं आणि करंटला अडवायला आर्मेचरचे थोडे ओहमच उरतात. दुसरं कारण म्हणजे हाय गिअरमध्ये नॉब खाली आणून मोठा कट घेणं: करंट भरपूर, पंखा मंद, मोटर तापते. जड कामाला लो गिअरच. तिसरं कारण कार्डाच्या डब्यात शिरणारा धातूचा कीस, विशेषतः पितळेचा. डब्याला मागून फट असेल तर जाळी लाव.

कार्ड दुरुस्त करणार असशील तर मॉसफेट किती आणि कोणते ते वाच. बऱ्याच कार्डांवर आयआरएफपी ४५० असतो. तो ५०० व्होल्टचा. दोन समांतर असतील तर दोन्ही बदल. गेट (मॉसफेटचा नियंत्रणाचा पाय) फुटताना मागचा रेझिस्टर, झेनर डायोड आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही जातात, ते न तपासता नवा मॉसफेट घातलास तर तो क्षणात जाईल. मोटरला समांतर असलेला डायोड काढूनच तपास. तो वेगवान जातीचा हवा, एमयूआर ८६० चालेल, पण १एन४००७ घालून काम निभावत नाही. मॉसफेटची पाठ त्याच्या ड्रेन नावाच्या पायाला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर ३२५ व्होल्ट. पाठ आणि हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) यांच्यामधला अभ्रकाचा तुकडा चिरला असेल तर हीटसिंकही जिवंत. पॉट बहुधा ४.७ किलो-ओहमचा. त्याची कॉमन तार तुटली तरी वेग पूर्ण चढतो, म्हणून मॉसफेटला हात लावण्याआधी तीही बघ.

पहिली सुरुवात सिरीज बोर्डवर: मेन्समध्ये सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा (फिलामेंटचा) बल्ब, मोटरच्या जागी ४० वॅटचा. सिरीज बल्ब क्षणभर पेटून मंदावला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आहे, प्लग काढ. नॉब फिरवल्यावर दुसरा बल्ब हळूहळू उजळला, तर मोटर जोड. कार्डावरचे छोटे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे पॉट) फिरवण्याआधी त्यांच्या जागा पेनने टिपून ठेव. टॉर्कचा जास्त चढवलास की स्पिंडल हिसके खात वेग वरखाली करतो. तिथून थोडा मागे आण.

कार्ड खरंच बदलायचं ठरलं तर केबीआयसी-२४० सारखा एससीआर ड्राइव्ह (डीसी मोटरचं तयार वेग-नियंत्रक कार्ड) चांगला, पण तो २३० व्होल्टवर १८० व्होल्ट डीसीपर्यंतच देतो, म्हणून मोटरची पाटी आधी वाच. बाजारातला स्वस्त डिमर आणि ब्रिज (एसीचं डीसी करणारा) जोडून वेग बदलता येतो हे खरं, पण टूल धातूत शिरलं की चक थांबतं. त्यात पैसे घालू नकोस. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतील. तिथे जुन्या कार्डांवरून काढून पुसलेले मॉसफेटही विकतात, तेव्हा पाय सोल्डर लागलेले आहेत का ते बघून घे.

मोटरच्या पाटीवरचे आकडे, पट्ट्यांची रीडिंग आणि मॉसफेटवरचा नंबर कळव. डायोडची किंमत तपासून तो इथूनच पाठवायचा का ते मग ठरवू.

तुझा,
विनायक