दप्तर उशाला, मोडी येईना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांनी विचारलं होतं, की पोरांनी इतिहासात एम.ए. करून करायचं तरी काय. सदर चौकशीला उत्तर देणं मला भाग आहे, कारण वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी तेच करते आहे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं गेली. जातीच्या दाखल्यासाठी लोक पणजोबांची नोंद शोधत यायचे. मी कपाटातून जन्म-मृत्यूची जुनी वही काढून टेबलावर ठेवायची. कोतवाल बुक म्हणतात तिला. वही जुन्या मोडी लिपीत. मोडी मला येत नव्हती, समोरच्याला येत नव्हती, साहेबांनाही येत नव्हती. मग एक म्हातारे गृहस्थ भिंग घेऊन यायचे आणि ते वाचतील ते खरं. २०२३ च्या अखेरीला कुणबी नोंदी शोधायचे आदेश निघाले, तेव्हा तर मोडी वाचणारा माणूस शोधणं हेच एक काम होऊन बसलं. त्या धांदलीत मला पहिल्यांदा लाज वाटली. इतकी वर्षं पगार घेऊन मी जे कागद सांभाळले, त्यातली एक ओळ मला वाचता येत नव्हती.

निवृत्त झाले आणि प्रवेश घेतला. पटावर तीसेक नावं, हजर सात-आठ. बाकीचे अभ्यासिकेत असतात, परीक्षेपुरते उगवतात. त्यांना नावं ठेवणार नाही. गगनबावड्याकडून एसटीनं येणारी एक मुलगी सकाळी धारा काढून वर्गात बसते. कागलचा एक मुलगा तिसऱ्यांदा एमपीएससीला बसतोय, एम.ए. त्याच्यासाठी वसतिगृहातली खोली टिकवायचा मार्ग आहे. आम्हाला शिकवणारे सर प्राध्यापकीच्या नेट-सेट या दोन्ही पात्रता परीक्षा झालेले, पण तासिका तत्त्वावर. सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधनही नाही. तेव्हा प्राध्यापकीचं स्वप्न दाखवून मी त्या पालकांना फसवणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. २६ जुलै १९०२ ही तारीख आमच्या वर्गात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना पन्नास टक्के जागा देणारा शाहू महाराजांचा आदेश, एक मार्क, पुढचा प्रश्न. पण त्या आदेशात 'मागासलेले' म्हणजे कोण ते कसं सांगितलंय, हे मी विचारलं तेव्हा सगळे गप्प. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे, अशी ती व्याख्या. पूर्ण आदेश एका पानात मावेल एवढाच. तेवढंही कुणी वाचलं नव्हतं, कारण गाइडात तारखेच्या पुढे काही नाही. (मीही नव्हतंच वाचलं. आदल्या रात्री वाचून आले होते.)

लघुप्रबंधाचंही तेच. पाच छापील पुस्तकं घ्यायची आणि सहावं तयार करायचं. हे कोल्हापुरात चालतं, याचं मला जास्त वाटतं. इथे शासनाचं पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानची दप्तरं तिथे रुमालात बांधून ठेवलेली आहेत. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. कुठला तो परका समुद्रदेव, कुठली आमची पंचगंगा! सासूबाईंना घेऊन सीपीआर रुग्णालयाच्या खेपा घातल्या, समोर टाऊन हॉल होता, पण आत पाऊल टाकलं ते एम.ए.ला आल्यावर. नदी उशाला नि कोरड घशाला, दुसरं काय.

मोडीसाठी मी दहा दिवसांचा वर्ग केला. दहा दिवसांत अक्षरओळख होते, वाचन नव्हे. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, अशी ती लिपी. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाची फिकीर नाही. कुठे तोडायचं ते अर्थावरून ठरवायचं, आणि अर्थ कळायला आधी तोडता यायला हवं. डोळ्यांना पाणी यायचं. चार महिने रोज रात्री भांडी आवरल्यावर एक पान, तेव्हा कुठे हात बसला. खरं तर डोळा.

मग लघुप्रबंधासाठी रीतसर अर्ज करून जुन्याच कचेरीत गेले आणि करवीर तालुक्यातल्या एका गावाचं, मी स्वतः कितीदा तरी टेबलावर ठेवलेलं बुक मागितलं. १९१८ साल. उन्हाळ्यात महिन्याला पानही भरत नाही. अमुक बिन तमुक, वय, कारण. कुठे सर्पदंश, कुठे बाळंतपण. ऑक्टोबर आला आणि पानामागून पानं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. ताप, ताप, ताप. पुढे लिहिणाराही कंटाळला असावा, नुसत्या खालच्या खाली रेघा मारल्यात. एकाच घरातली तीन नावं तीन दिवसांत. बायकांची नोंद 'भागू कोम रामा', म्हणजे रामाची बायको भागू, आणि दोन ओळींखाली तो रामा. मध्येच अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा कुठे गेला, ते वहीत नाही.

ती इन्फ्लुएन्झाची साथ. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, हे आम्ही छापील पुस्तकात वाचलंच होतं, मार्कंही मिळाली होती. पण त्या पानावरची नखाएवढा शाईचा डाग बघून मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. अकरा वर्षं हे बुक मी नुसतं धूळ झटकून परत ठेवत होते.

गगनबावड्याच्या त्या मुलीला झेरॉक्स दाखवली. तिनं विचारलं, "काकू, आमच्या गावचं बी असंल व्हय?" आता ती मोडी शिकतेय. तिची अडचण अशी, की सोमवार ते शुक्रवार कॉलेज, आणि सरकारी कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून शनिवार-रविवार सुट्टी. जायचं कधी? एक दिवस बुडवला की हजेरी जाते.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती, की मोडीला दहा दिवस नव्हे, पूर्ण वर्ष द्या, आणि ती ऐच्छिक ठेवू नका. आठवड्यातला एक कामाचा दिवस दप्तरखान्याचा धरा, तिथली सही हीच हजेरी. प्रत्येकानं एक तरी न छापलेला कागद स्वतः वाचून त्यावर लिहावं. चुकलं तरी चालेल, मीही पहिल्या महिन्यात एका म्हशीची नोंद माणसाची म्हणून वाचली होती.

आणि त्या पालकांना एवढंच, की वतनाचे दावे, देवस्थान इनामाच्या जमिनी, जातीच्या नोंदी, सगळं त्या मोडी कागदांत अडकलंय. भिंगवाले आजोबा गेल्या दिवाळीनंतर येत नाहीत म्हणे. कचेरीत परवा गेले तर टेबलाशी चौघं जण वही उघडून बसले होते, वाचायला कुणी नव्हतं. मी चष्मा काढला आणि खुर्ची ओढली.

आपली,
एम.ए. भाग २ ची विद्यार्थिनी (निवृत्त अव्वल कारकून)
मंगळवार पेठ, कोल्हापूर