कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्या मामांना, दिवे आणि छोट्या बॅटरीबद्दल

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बरं बरं, ठेव आता, गिऱ्हाईक हाय" म्हणता आणि फोन ठेवूनच देता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही स्वतः वाचणार नाही माहितीय, पण तुमची लेक वाचून दाखवेल. आणि दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेतलेले ओळखीतले जो तो मला हेच विचारतोय की मोठी बॅटरी भरलेली असताना तुझी गाडी बंद कशी काय पडली, तर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, तुमच्या नावाने पत्र आणि बाकीच्यांना माहिती.

आधी दिवे का बदलले ते. रत्नागिरी-कोल्हापूर ये-जा असणाऱ्या कुणालाही आंबा घाट सांगायला नको, साखरपा सोडलं आणि चढ सुरू झाला की पावसाळ्यात वर आंब्यापर्यंत असं धुकं असतं की पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा दिसला तरी बरं वाटतं. माझ्या गाडीचं खालचं मॉडेल, त्यामुळे पुढे साधे हॅलोजन, एच४ बल्ब, लो ला ५५ वॅट आणि हाय ला ६०. गाडी मस्त, घाटात उतरताना रीजेनमुळे (उतारावर मोटरच गाडीला रोखते आणि बॅटरी भरते) ब्रेकला पाय लावायला लागत नाही, पण रात्रीचं दिसायचं म्हणाल तर बोंब. म्हणून एका ॲक्सेसरीजच्या दुकानात (नाव लिहीत नाही, काय करायचंय) हेडलाईटला एलईडी बल्ब आणि खाली बंपरमध्ये फॉग लॅम्प बसवून घेतले. दुकानदार म्हणाला एलईडीने रेंज पण वाढते साहेब. यावर तुम्ही जे हसलात ना मामा, गॅरेजमधली पोरंपण काम सोडून बघायला लागली.

तर झालं असं की गाडी कोल्हापुरात बहिणीच्या दारात लावून आम्ही रेल्वेने पुण्याला लग्नाला गेलो, परत आलो तर गाडी उघडेना. रिमोट दाबला, काही नाही. चावीतलं लोखंडी पातं काढून दार उघडलं तर आत सगळं काळं, स्क्रीन नाही, दिवा नाही, काही नाही. मोठी बॅटरी निघताना ७० टक्क्यांच्या वर होती. चार्जर लावून बघितला तर तोही घेईना. मदतीला आलेल्या पोराने जंप पॅक (बाहेरून १२ व्होल्ट देणारा) लावला, गाडी लगेच रेडी झाली आणि तो म्हणाला १२ व्होल्टची बॅटरी गेलीय, नवीन टाका. फिरवली तोवर काही नाही, दोन-तीन दिवस उभी राहिली की परत तेच. सर्व्हिसवाल्यांनीही न तपासताच नवीन बॅटरीचा आकडा सांगितला. भावोजी म्हणाले पैसे घालायच्या आधी मामांकडे नेऊया.

मला खरं सांगायचं तर शंका होती. तुम्ही आयुष्यभर ट्रकचे डायनामो आणि सेल्फ उघडलेले, आणि ही गाडी इलेक्ट्रिक. पण तुम्ही बॉनेट उघडल्या उघडल्या मोठ्या बॅटरीच्या जीवघेण्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलींकडे बोट दाखवून पोरांना पहिलं सांगितलंत, "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई, ते आपलं काम न्हाई." आणि मग त्या कोपऱ्यातल्या छोट्या काळ्या बॅटरीकडे वळून म्हणालात, "ही मात्र आपलीच हाय." तेव्हाच मी खुर्ची ओढून बसलो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: गाडी बंद केली की मोठी बॅटरी काँटॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते, सुरक्षेसाठी. ते काँटॅक्टर परत जोडायचे, दार उघडायचं, कॉम्प्युटर जागे करायचे हे सगळं त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती झोपली तर मोठीत कितीही असू दे, उपयोग शून्य, चार्जिंग पण सुरू होत नाही. एकदा गाडी रेडी झाली की मग डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतून छोटीला भरतो, साधारण १४ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल गाडीत अल्टरनेटर करतो तेच काम. टेस्लाने २०२१ पासून ही छोटी बॅटरी लिथियमची केली, पण आपल्याकडे बहुतेक गाड्यांत अजून लेड-ॲसिडच आहे. आणि पेट्रोल गाडीत बॅटरी उतरायला लागली की सेल्फ रडतो, घर्रर्र करतो, आपल्याला आधी कळतं. इथे सेल्फच नाही. काल व्यवस्थित होती, आज बंद. ही गोष्ट तुम्ही मला सांगितलीत आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की एवढे दिवस काहीच लक्षण का दिसलं नव्हतं.

तुम्ही मीटर लावलात, ११.४ व्होल्ट. भरलेली आणि निवांत बॅटरी १२.६ च्या वर पाहिजे, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. मी म्हटलं बघा, गेलीच आहे ना. तर तुम्ही, "बॅटरी न्हाई गेली. कुनीतरी खातंय तिला." आणि ती काढून रात्रभर हळू चार्जरवर ठेवलीत.

दुसऱ्या दिवशीची तपासणी मी कधी विसरणार नाही. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवलंत म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट बंद आहे, दारं लॉक केलीत, माझी चावी काढून घेतलीत आणि पोराला म्हणालात ही चहाच्या टपरीवर ठेवून ये. मला वाटलं चेष्टा करताय. पण चावी जवळ असली की बऱ्याच गाड्या झोपत नाहीत, आणि फोनवरचं ॲप उघडलं तरी गाडी जागी होते, म्हणून माझा फोन पण खिशात ठेवायला लावलात. मग निगेटिव्हच्या केबलला क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) लावून नुसतं बसायचं. सुरुवातीला तीन-चार अँपिअर, मग एक, मग अर्धा, एकेक कॉम्प्युटर झोपत जातोय तसा आकडा उतरत होता. मी पाच मिनिटांत म्हटलं फ्यूज काढून बघूया का, तर केवढे ओरडलात, "आरं गाडी झोपू दे की आदी! काय गडबड हाय व्हय तुला?" फ्यूज काढून परत घातला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि सगळं पहिल्यापासून.

अर्ध्या तासाने आकडा ०.१९ अँपिअरवर येऊन अडकला. निरोगी गाडीला ०.०२ ते ०.०५ बस होतात. मग तुम्ही फ्यूज न काढता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावून मिलीव्होल्ट बघत गेलात, ज्यातून करंट जातोय तिथे थोडा तरी आकडा दिसतो. फॉग लॅम्पवाल्यानं जो फ्यूज टॅप (फ्यूजवरून जादा वायर काढायची जोडणी) घातला होता तिथे दिसला. पण त्याच्या आधीच तुम्ही हेडलाईटच्या मागे हात घालून दुकानदाराने फॉग लॅम्पसाठी लावलेल्या रिलेला (आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की दिव्यांचा मोठा करंट जोडणारी डबी) बोट लावलं होतंत. कोमट. गाडी बंद होऊन एवढा वेळ झाला आणि रिले कोमट! मीटर नंतर, बोट आधी.

तर चोर होता तो रिले. दिवे नाहीत, बल्ब नाहीत, रिलेची कॉइल. दुकानदाराने कॉइलचं ट्रिगर (८६ नंबरची पिन) कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर टाकलं होतं आणि डॅशबोर्डवरचं स्विच रिलेच्या पुढे, ८७ (दिव्याकडे जाणारी पिन) आणि दिव्याच्या मध्ये. म्हणजे मी स्विच बंद केलं की दिवे बंद, पण कॉइल दिवसरात्र ओढलेलीच. साध्या रिलेची कॉइल दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास खाते. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवलात तो मी फोटो काढून ठेवलाय: ०.१९ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेचार अँपिअर-अवर, बॅटरी ३५ ची, चार दिवसांत अर्धी साफ. रोज गाडी फिरली की कन्व्हर्टर ते भरून काढतो म्हणून कळत नव्हतं. उभी राहिली की मेली. आणि असं वारंवार खोल उतरली की लेड-ॲसिड बॅटरी खरोखरच खराब होते, म्हणजे मी नवीन टाकली असती तरी या रिलेने तिचीही वाट लावली असती. सगळे मला नवीन बॅटरी विकायला बसलेले आणि तुम्ही ती लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून परत लावून दिलीत, याचेच मुख्य आभार आहेत मामा.

मग हेडलाईटकडे वळलात. एलईडी लावल्यावर गाडी डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची वॉर्निंग देत होती, कारण एलईडी कमी करंट घेतो आणि कॉम्प्युटरला वाटतं बल्ब उडाला. ती घालवायला दुकानदाराने सोनेरी रंगाचे रेझिस्टर लावले होते, ६ ओहमचे. तुम्ही परत वही काढलीत. एलईडी २५ वॅटचा, रेझिस्टर १३.८ व्होल्टला साधारण ३२ वॅट नुसती उष्णता करतो, बेरीज ५७, आणि मूळ हॅलोजन ५५ चा! बचत सोडाच, दोन वॅट वर. वर ते टेपने प्लॅस्टिकच्या क्लिपला बांधलेले आणि क्लिप वितळायला लागलेली. रेझिस्टर नसते तरी दोन्ही बाजू मिळून वाचतात ६० वॅट, म्हणजे तासाभरात फार तर अर्ध्या किलोमीटरची रेंज. घाटातल्या एका वळणावर जास्त जाते.

आणि एच४ च्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी का नको ते तुम्ही भिंतीवर दाखवलंत. हॅलोजनमध्ये लो च्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती वर जाणारा उजेड कापते. एलईडीची चिप तारेच्या नेमक्या जागी बसत नाही, त्यामुळे भिंतीवर कापलेली रेघ दिसायच्या ऐवजी नुसता पसारा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात आणि धुक्यात आपल्याच डोळ्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करण्यावर बंधन आहे तो भाग वेगळाच, पण मला भिंतीवरचा तो पसारा बघून जास्त पटलं.

शेवटी केलं काय, तर हेडलाईटला परत चांगल्या कंपनीचे हॅलोजन, काचेचा पिवळेपणा पॉलिश करून काढला आणि भिंतीवर रेघ धरून ॲडजस्ट केले. एवढ्यावरच निम्मा फरक पडला, हे कुणी सांगत नाही कारण यात विकायला काही नाही. फॉग लॅम्प ठेवले, पण वरून नीट कापलेला बीम असलेले. मी पिवळेच पाहिजेत म्हणत होतो तर तुम्ही म्हणालात रंगाचं सोड, खाली लावलेला आणि वर न जाणारा पाहिजे, मग पिवळा घे नायतर पांढरा, फक्त तो निळसर नको. मी तरी पिवळेच घेतले, हौस आहे.

वायरिंगचं मात्र नीट लिहितो कारण हेच लोक विचारतात. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. ट्रिगर पार्किंग लाईटच्या वायरवरून, स्विच त्या ट्रिगरमध्येच, म्हणजे गाडीचे दिवे बंद झाले की कॉइल मेलीच पाहिजे, माझं स्विच चालू राहिलं तरी. चावीच्या म्हणजे एसीसीच्या फ्यूजवर का नाही, तर इलेक्ट्रिक गाडीत त्यातले काही फ्यूज गाडी बंद केल्यावरही बराच वेळ जिवंत असतात, काही चार्जिंग चालू असताना पण. रिले डायोडवाला घेतला, कॉइल सुटताना जो झटका येतो तो कॉम्प्युटरकडे जाऊ नये म्हणून. आणि अर्थिंग बॉडीच्या बोल्टला, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला नाही, कारण तिथे करंट मोजणारा सेन्सर बसलाय, त्याला वळसा घालून अर्थ दिलं की त्याचा हिशोब चुकतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणालात, "कुनी न्हाई, बगितलं की कळतंय."

परत गाडी झोपवली, चावी परत टपरीवर. ०.०३. तुम्ही मीटर माझ्याकडे वळवून दाखवलात आणि काही न बोलता हात पुसायला गेलात.

पैसे किती घेतलेत ते लिहीत नाही, नाहीतर तुमच्याकडे रांग लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. गाडी आता आठवड्याच्यावर उभी राहिली तरी पहिल्या दाबात उघडते, आणि परवाच भर पावसात आंबा घाट रात्री चढून आलो, कडेची पांढरी पट्टी सलग दिसत होती.

एक काम आहे. पुढच्या आठवड्यात माझा मेव्हणा त्याची गाडी घेऊन तुमच्याकडे येतोय. त्याने डॅशकॅम पार्किंग मोडसाठी कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर टाकलाय, व्होल्टेज उतरल्यावर बंद करणारा कटऑफ पण लावलेला नाही, आणि म्हणतो बॅटरीच बोगस आहे. मी सांगून दमलो. तुम्ही जरा ओरडा त्याला, आणि चावी टपरीवर ठेवायला त्यालाच पाठवा.

तुमचा,
रत्नागिरीचा फॉग लॅम्पवाला