अवीस, त्या ऑर्गनच्या बेसबद्दल

प्रिय अवी,

क्लबमध्ये नाचायच्या तुझ्या गाण्याची फाईल ऐकली. एकदा हेडफोनवर, मग मुद्दाम मोबाइलच्या स्पीकरवर. गाणं १९९३चं वाटायला हवं होतं, वाटतंय गेल्या महिन्यातलं. कारण सरळ आहे, तुझा प्रत्येक आवाज गरजेपेक्षा सुंदर आहे. त्या वेळच्या क्लबच्या गाण्यातले आवाज सुटे ऐकलेस तर किरकोळ, थोडे कोरडेच लागतात. एकाने दुसऱ्याला जागा सोडलेली असते म्हणून ते एकत्र उभे राहतात.

नमुना म्हणून रॉबिन एस या अमेरिकन गायिकेचं ‘शो मी लव्ह’ घेतलंस ते बरं केलंस. १९९० साली ते पहिल्यांदा आलं तेव्हा फारसं चाललं नाही. मग स्वीडनच्या स्टोनब्रिज या संगीत निर्मात्याने गाणारीचा आवाज तेवढा ठेवून खालचं सगळं नव्याने बांधलं आणि १९९३मध्ये ते ब्रिटनमध्ये सहाव्या, अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेच्या क्लबच्या यादीत तर पहिलं. त्यातला तो ठोकळेबाज बेस (खालच्या स्वरांची साथ) म्हणजे कॉर्ग एम-वन या कीबोर्डमधला ‘ऑर्गन टू’. कारखान्यातून भरून आलेला तयार आवाज, कुणीही बटण दाबावं आणि वाजवावा.

तू तोच आवाज घेतलास, पण त्यावर तीन गोष्टी चढवल्यास. फिल्टरला (आवाजाचा वरचा भाग छाटणाऱ्या बटणाला) रेझोनन्स, म्हणजे छाटतो तिथेच आवाजाला टोक, दिलास. एम-वनच्या फिल्टरला रेझोनन्स नव्हताच, त्यामुळे तुझा ऑर्गन म्याव म्याव करतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिलास, त्याने स्वर सुरू होतानाचा ‘टक्’ बुजला. बेसची सगळी ओळख त्या टक्‌मध्ये आहे. आणि खाली वेगळा सब-बेस, म्हणजे आणखी खोल बेस, जोडलास, तो किकशी (मोठ्या ड्रमच्या ठोक्याशी) भांडतोय. तिन्ही काढ. स्वर आखूड ठेव, पुढचा किक पडायच्या आत संपला पाहिजे. दाब सगळ्या स्वरांना सारखा दे. इथे भाव दाखवायचा नाही, ठोकायचं.

आता ठेका. चार ठोक्यांच्या आवर्तनाचे १६ भाग धर. रोलँड ९०९ या ड्रम मशीनचा किक १, ५, ९, १३वर. टाळी ५ आणि १३वर. भजनात वाढलेल्या हाताला समेवर टाळी द्यायची सवय, म्हणून तुझी पहिल्या ठोक्यावरही पडलीय. ती काढून टाक. उघडी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) ३, ७, ११, १५वर, मिटलेली उरलेल्या बारांवर, पण हलकी. उघडीनंतर मिटलेली वाजली की उघडीचा आवाज तिथेच तुटला पाहिजे. ९०९मध्ये ते आपोआप होतं. तुझ्या लॅपटॉपवर दोन्ही एका चोक ग्रुपमध्ये (एक वाजली की दुसरी बंद) टाकाव्या लागतील, नाहीतर आत्तासारखी सतत वाफ सुटल्यासारखी ‘स्स्स’ येत राहील.

मग स्विंग, म्हणजे दर जोडीतला दुसरा भाग जरा उशिरा पाडणं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोक्यांना) अर्धा सेकंद म्हणजे एक ठोका आणि त्याचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. स्विंग ५० टक्के म्हणजे सपाट. ५६ केलास की प्रत्येक जोडीतला दुसरा भाग १२५ऐवजी १४० मिलिसेकंदांवर पडतो. ते १५ मिलिसेकंद कानाला मोजता येत नाहीत, पायाला कळतात. तू ६६ ठेवलास. ती तर सरळ तिस्र लय झाली, लेझीमच्या चालीवर. ५४ ते ५८मध्ये राहा आणि तोच आकडा सगळ्या ट्रॅकना दे. हॅट झुलतेय आणि पियानो सपाट, असं झालं की नाचणारे अडखळतात आणि चूक कुठे आहे ते शोधताना दिवस जातो.

पियानो १, ४, ७, १०, १३, १५वर वाजव: तीन-तीन-तीन-तीन-दोन-दोन. यातले ४ आणि १० तेवढे स्विंगने सरकतील, बाकीचे जागेवर. कॉर्ड (एकदम वाजणारे तीन स्वर) बदलताना हात उड्या मारू देऊ नकोस. ए मायनर म्हणजे ए-सी-ई. एफला नुसतं ई उचलून एफवर ठेव, ए-सी-एफ. पुढे सी मेजर जी-सी-ई, मग जी मेजर जी-बी-डी. डाव्या हाताने कॉर्डचा मूळ स्वर सप्तकाच्या अंतराने दुहेरी. इतकं पुरे.

गाण्याच्या आवाजाचं तुझं दुखणं वेगळं आहे. मूळ आवाज ११२ बीपीएमचा, तू तो आहे तसा १२०वर ओढलास. नुसता वेग वाढवला तर ७.१ टक्के वाढ म्हणजे सूर सुमारे १.२ सेमीटोन वर जातो. पेटीच्या भाषेत पांढरी एकवरून काळी एकच्याही पुढे, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतो. म्हणून ऑर्गनशी बेसूर. त्या काळच्या पद्धतीने कर. अकाई एस-१००० या सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) मूळची मेमरी २ एमबी, म्हणजे पूर्ण दर्जाचा मोनो (एकाच वाहिनीचा) आवाज जेमतेम २४ सेकंद. अख्खं कडवं कोण ठेवणार? ओळीचे शब्दागणिक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा आपापल्या ठोक्यावर सोडायचा. सूर मूळचाच राहतो, मध्ये बारीक फटी पडतात आणि त्या फटींत हॅट दिसते.

हो, गाणारीचं नाव मात्र ठळक लिही. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या अमेरिकन गटाचं ‘गॉना मेक यू स्वेट’ १९९१मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. गळा मार्था वॉशचा आणि व्हिडिओत ओठ हलवणारी झेल्मा डेव्हिस. मार्था वॉश कोर्टात गेली. मला ती हकिगत आठवली की अजून राग येतो.

मांडणीत एकच दुरुस्ती. तुझा पियानो सातव्या आवर्तनात घुसतो. नवी गोष्ट आठ-आठ आवर्तनांनी आण: ३२ ठोके, १२०ला बरोब्बर १६ सेकंद. सुरुवातीचे ६४ ठोके नुसता ठेका ठेव. तुला ते कंटाळवाणे वाटतील, पण डीजेला आधीच्या रेकॉर्डशी वेग जुळवायला तेवढे ३२ सेकंद लागतात. त्या काळच्या टेक्निक्सच्या टर्नटेबलची वेग बदलायची पट्टी अधिक-उणे ८ टक्केच सरकायची, म्हणजे तुझं १२०चं गाणं त्यावर फार तर १२९.६पर्यंत ओढता आलं असतं.

पुढची फाईल पाठवशील तेव्हा किक आणि ऑर्गन एवढेच दोन ट्रॅक वेगळे पाठव, मोनोमध्ये. ते दोघे जमले की बाकीचं बघू.

तुझा,
श्री