बीपीईटीच्या नोंदीबाबत सर्जेरावास पत्र

कोरेगाव, जि. सातारा

प्रिय सर्जेराव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नायब सुभेदारीच्या बढतीच्या यादीत माझे नाव न आल्याचा तुला आलेला राग मी समजू शकतो. परंतु नोंद दुरुस्तीच्या अर्जात त्या रागाचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

मूळ गोष्ट तुला ठाऊकच आहे. गुडघ्याच्या दुखापतीनंतर मेडिकल बोर्डाने मला शेप-वन या पूर्ण तंदुरुस्तीच्या श्रेणीतून काढून २४ आठवड्यांसाठी तात्पुरत्या खालच्या कॅटेगरीत ठेवले आणि नेमक्या त्याच मुदतीत पलटणीत बीपीईटी, म्हणजे लढाऊ शारीरिक क्षमतेची चाचणी, झाली. पाठीवर पिठ्ठू व हातात रायफल घेऊन ५ किलोमीटरची दौड, ९ फुटांचा खंदक, दोर चढणे, यांतले काहीही करण्यास मला मनाई होती. मी मैदानात उतरलोच नाही. तरीही निकालपत्रकात माझ्या नावापुढे 'फेल' लागले, तेच एसीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, उतरले आणि बढतीच्या वेळी आडवे आले.

तू सुचवतोस की, पुढच्या वर्षी मी हीच चाचणी चांगल्या दर्जाने पास झालो, हे अर्जात ठळकपणे मांडावे. मला ते पटत नाही. त्यातून मी आज तंदुरुस्त आहे एवढेच सिद्ध होते. आधीची नोंद चुकीची होती हे सिद्ध होत नाही. उलट, आधी नापास झालेला जवान नंतर सुधारला, असाच अर्थ वाचणारा काढील. माझा दावा त्याहून लहान आणि म्हणूनच अधिक पक्का आहे: ज्या चाचणीतून मला सूट होती, तिच्यात मी नापास होऊ शकत नाही. यासाठी दोन कागद पुरेसे आहेत. एक बोर्डाचा आणि दुसरा कॅटेगरी बदलल्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतला बदल जाहीर करणारा आदेश. दुसऱ्याचे वजन जास्त, कारण ती ऑर्डर पलटणीनेच काढलेली आहे. तेव्हा आम्हाला कळवले नव्हते, असे कोणी म्हणू शकत नाही. चाचणीची तारीख त्या मुदतीच्या आत पडते, हे दाखवले की माझे म्हणणे संपले.

साताऱ्यातल्या एका वकिलांनी थेट न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला, शिवाय अधिकाऱ्याने आकसाने केले असे लिहा म्हणाले. आकस होता असे मला वाटत नाही; घाईत पत्रक भरताना सूट असलेल्यांना वेगळे काढायचे राहून गेले असावे. मनात नसलेला आरोप कागदावर ठेवला, तर उद्या तोच सिद्ध करत बसावे लागेल. आणि वाट तर ठरलेलीच आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम २६ प्रमाणे आधी आपल्या कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करायची, आणि ती घेणाऱ्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे, असे ते कलमच सांगते. निकाल विरुद्ध गेला, किंवा सहा महिन्यांत आदेशच निघाला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. हे उपाय केल्याविना न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही. म्हणून तक्रारीची पोच तारखेसह हातात घेतल्याशिवाय मी कार्यालयातून बाहेर पडणार नाही.

तुझा जबाब मात्र मी जोडणार नाही. तू त्या वेळी दुसऱ्या कंपनीत होतास, त्यामुळे तुझी साक्ष ऐकीव ठरेल. तुझी मदत हवी आहे ती वेगळी: इतकी वर्षे तू क्लार्क म्हणून अशी पत्रके भरलीस, तेव्हा सोबतच्या मसुद्यातला शेवटचा, मागणीचा परिच्छेद नीट तपास. 'फेल' काढून तेथे 'वैद्यकीय कारणास्तव सूट' अशी नोंद करावी, एसीआर त्यानुसार दुरुस्त करावा आणि दुरुस्त नोंदीवर माझ्या बढतीचा पुन्हा विचार व्हावा, एवढेच मी मागितले आहे. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जावी, असे वेगळे लिहावे लागेल का, तेही कळव.

सुट्टी संपण्याआधी मसुदा परत आला, तर टाइप करून सोबतच घेऊन जाईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विठ्ठल