आईच्या नोकरीतली तुमची पस्तीस वर्षे

तीर्थरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, हे मला ठाऊक आहे. गोळीबार चौकात येऊन तुमच्यासमोर बसून चार शब्द बोलणे सोपे होते, तरीही सर्वांना वाचता येईल असे पत्र लिहीत आहे, कारण आईच्या शोकसभेत जे चारचौघांत बोलायला हवे होते ते मी बोलले नाही.

त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या होत्या. आईचे जुने विद्यार्थी आता स्वतःच पन्नाशी ओलांडलेले. कोणी सांगितले की ‘अ’ गिरवून घेताना बाई बोट धरत नसत, मनगट धरत, म्हणजे अक्षराचे वळण ज्याचे त्यालाच सापडे. कोणी सांगितले की कापडाच्या एम्प्रेस मिलची पाळी सुटताना बाई फाटकाशी उभ्या राहत आणि प्रगतिपुस्तकावर सही न करणाऱ्या बापाला गर्दीतून बरोबर हुडकून काढत. १९७२ ते २००७ अशी पस्तीस वर्षांची सेवा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वर्षे मोजून सांगितली. सारे खरेच होते. भिंतीकडेच्या खुर्चीवर डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या तुमच्याकडे मात्र कोणी पाहिले नाही, आणि मी आभार मानायला उभी राहिले तेव्हा मंडपवाल्यापर्यंत सर्वांची नावे घेतली, तुमचे घेतले नाही. घरच्यांचे आभार मानायचे नसतात, असा आपल्याकडे रिवाज आहे. खरे सांगायचे तर मी त्या रिवाजाच्या आड लपले.

१९७६ साली माझा जन्म झाला तेव्हा बाबा रेल्वेत बल्लारशाहला होते आणि घरात दुसरे कोणी वडीलधारे नव्हते. तीन महिन्यांची बाळंतपणाची रजा संपली त्या सकाळी आईने मला दुपट्यात गुंडाळून शेजारी तुमच्या ओसरीवर आणले आणि राजीनामा लिहून ठेवला आहे, एवढेच ती तुम्हाला म्हणाली. तुम्ही मला तिच्या हातातून घेतले आणि म्हणालात, “तो कागद चुलीत घाल, बाई. पोट्टी राहते माझ्यापाशी.” हे मला आईनेच सांगितले होते. सांगताना ती तुमचा आवाज काढायचा प्रयत्न करी आणि तो तिला कधीच जमला नाही.

मग माझे बालपण तुमच्या हातमागाच्या खोलीत गेले. काकांचा पाय पावडीवर पडला की धोटा इकडून तिकडे जाई, त्या खटखटीत मला झोप लागे आणि माग थांबला की जाग येई. तुम्ही चरख्याशी बसून धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत असा. डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सरकत राही आणि उजवा हात चाक फिरवी, मध्येच धागा तुटला तर तुम्ही तो बोटांत फिरवून असा सांधत असा की गाठ दिसतच नसे. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या साऱ्या पोरांच्या लाकडी बैलांत माझ्याच बैलाला खऱ्या लुगड्याच्या काठाची झूल असे. आई अजून का येत नाही म्हणून मी रडले, तर “काऊन रडते? बाई साऱ्याइची पोट्टी वाटेला लावून येऊन राहिली,” असे तुम्ही म्हणत. आई जगाची बाई आणि माझी फक्त संध्याकाळची आई आहे, ही तक्रार मी बरीच वर्षे मनात बाळगली. ती तक्रार करण्याइतकी मी धडधाकट, पोटभर जेवलेली होते, ते कोणामुळे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये आईला जनगणनेचे काम लागले. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी दारोदार फिरणे, त्यामुळे त्या दिवसांत मी तुमच्याकडेच जेवून झोपत असे. आपली गल्ली तिच्याच वाट्याला आली होती. तुमच्या घरी पत्रक भरताना तिने काकांना विचारले, “वहिनी काय काम करतात?” काका म्हणाले, “काही नाही, घरीच असते.” तुम्ही तेव्हा दोन हातांच्या अंतरावर बसून कांड्या भरत होता. आईने पेन उचलून धरले आणि विचारले की, आज या कांड्या भरल्या नाहीत, तर उद्या तुमचा माग चालेल का. काका आधी हसले, मग त्यांनी मान हलवली, आणि तुमच्या नावापुढे घरगुती उद्योगातले काम अशी नोंद झाली. पुढे १९९१ आणि २००१ च्या जनगणनेलाही आईच्या हाती पत्रके आली आणि दोन्ही वेळा हा किस्सा तिने घरात नव्याने सांगितला.

तिच्या स्वतःच्या सेवापुस्तकात मात्र तुमच्यासाठी रकाना नव्हता. तिच्या जाण्यानंतर कागदपत्रे आवरताना ते मी पान न् पान पाहिले. रजा, वेतनवाढी, प्रशिक्षणे, सारे आहे. त्याच पेटीत घरखर्चाच्या वह्या निघाल्या. किराणा, दूध, घरभाडे आणि त्याखाली दर महिन्याच्या एक तारखेला एकच ओळ: “काकू – घेत नाहीत.” कुठे “पुन्हा विचारले, घेत नाहीत,” असे आहे, आणि एका दिवाळीला “लुगडे दिले, रागावल्या, विणकराच्या घरी लुगडे नेले, माझेच चुकले,” असे आहे. ही ओळ मी शाळेत जाऊ लागल्यावरही कैक वर्षे चालू आहे. तुम्ही घेतले ते एवढेच, की तुमच्या दोन्ही मुलांनी संध्याकाळी आईपुढे अभ्यासाला बसावे. त्यातल्या धाकट्याला ती गणितात काही पास करू शकली नाही, आणि हे तुम्ही अजूनही मोठ्या आनंदाने सांगता.

१८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली तेव्हा आईच्या वर्गातली मुले गळू लागली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडत. त्या आधीचा पंधरवडा ती तुम्हाला सोबत घेऊन भर उन्हात घरोघर फिरली. यंत्रमागापुढे तुमचा हातमाग त्याआधीच थांबला होता, म्हणून काम सुटलेल्या घरात काय बोलावे हे तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त कळत होते. एका घरी ती शिक्षणाचे महत्त्व समजावत असताना तुम्ही मध्येच मुलीच्या आईला विचारलेत, “पोरीचा डबा मी देतो, मग पाठवशील का?” ती मुलगी शोकसभेला आली होती. भाषणात तिने बाईंचे उपकार सांगितले आणि डबा बाईंचाच होता असे म्हणाली. तुम्ही खुर्चीवर बसून मान हलवलीत. मी ते पाहिले.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने आईची वाचा गेली आणि उजवा हात गेला. पस्तीस वर्षे ज्या हाताने फळा भरला तो उचलेना, याचा तिला इतका राग होता की व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने हातात दिलेला रबरी चेंडू ती डाव्या हाताने फेकून देई. तुम्ही दर गुरुवारी ई-रिक्षाने येत होता, डब्यात ज्वारीच्या कण्या आणत होता. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तुम्ही सुताची लडी आणि एक रिकामी कांडी काढलीत. तिच्या बोटांना न धरता, मनगटाला आधार देऊन तुम्ही सूत गुंडाळायला लावलेत, आणि आई चक्क हसली. त्यानंतर चेंडू एकदाही जमिनीवर आला नाही, कारण तो लागलाच नाही.

काकू, माझ्या आईला बाई होऊ दिलेत आणि मला आईवाचून राहू दिले नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. जे मी त्या सभेत म्हणायला हवे होते, ते हे.

तिने गुंडाळलेली शेवटची कांडी माझ्याकडे आहे. ती अर्धीच भरलेली आहे आणि धागा मध्ये एके ठिकाणी तुटला आहे. येत्या गुरुवारी घेऊन येते. दिसणार नाही असा तो कसा सांधायचा, ते मला शिकवा.

तुमची,
भिंतीपलीकडची पोट्टी
नागपूर